चर्वण आणि उच्चारण : अल्पभार बालकांच्या संदर्भात एका समजुतीचा इतिहास

घास चावणे आणि शब्द उच्चारणे ही दोन्ही कामे एकाच तोंडाने होतात. तोच जबडा, तीच जीभ, तेच ओठ आणि तेच गाल दोहोंना पुरतात. एवढ्या उघड साम्यावरून या दोन क्रियांचे मूळही एकच असावे असे अनुमान विद्वानांनी वेळोवेळी केले आहे. या अनुमानातूनच, ज्या मुलाला नीट चावता येत नाही त्याला नीट बोलताही येणार नाही, अशी समजूत वैद्यक, वाचोपचार आणि घरगुती शहाणपण या तिन्ही ठिकाणी रुजली. प्रस्तुत लेखात या समजुतीचा इतिहास पाहावयाचा आहे. आणि तो जन्मतः कमी वजनाच्या मुलांच्या संदर्भात पाहावयाचा आहे, याला कारण आहे. पूर्ण दिवसांच्या, सुदृढ मुलाच्या बाबतीत पहिला दात, पहिले चावणे आणि ‘बाबा-दादा’ अशी पहिली अक्षरमालिका या तिन्ही गोष्टी सामान्यतः पाचव्या ते नवव्या महिन्यांच्या दरम्यान एकमेकींच्या पाठोपाठ येतात. ज्या गोष्टी एकाच वेळी घडतात त्यांत कारण कोणते आणि केवळ शेजारी कोण, हे ठरविणे कठीण असते. अल्पभार मुलात हे धागे सुटे होतात. म्हणूनच या प्रश्नाची खरी परीक्षा तेथे होते.

प्रथम शब्दांकडे वळू. मराठीत तोंडाने अन्न हाताळण्याच्या क्रियांना विपुल धातू आहेत : चोखणे, चाटणे, चाखणे, चघळणे, चावणे. हे सर्व ‘च’ने आरंभ होणारे आहेत, आणि तो ‘च’ही सर्वत्र दंत्य आहे, ‘चर्वण’ या तत्सम शब्दातील तालव्य ‘च’ नव्हे. यात ध्वन्यनुकरणाचा अंश किती आणि योगायोग किती, हा वेगळा विषय आहे. येथे महत्त्वाचे ते हे की, या धातूंनी एक क्रमही सुचविला आहे. तान्हे मूल चोखते, मग चाटते, मग हिरड्यांनी चघळते आणि शेवटी चावते. आधुनिक शरीरविज्ञानाने निश्चित केलेला क्रमही साधारण हाच आहे. ‘उष्टावण’ हा संस्कारवाचक शब्द मात्र या क्रमाची दखल घेत नाही. तो केवळ पहिल्या अन्नाचा दिवस सांगतो. मुलाचे उष्टावण सम महिन्यात, म्हणजे सहाव्या वा आठव्या, आणि मुलीचे विषम महिन्यात, म्हणजे पाचव्या वा सातव्या, करण्याची रूढी महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. हे महिने अर्थातच जन्मापासून मोजले जातात. सातमाशी मुलाच्या बाबतीत ते कोठून मोजावयाचे, याचे उत्तर रूढीत नाही.

आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांत या प्रश्नाची चाहूल लागते. ‘अष्टांगहृदया’च्या उत्तरस्थानातील पहिल्या अध्यायात वाग्भटाने सहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितले आहे आणि अन्न क्रमाक्रमाने वाढवावे असेही म्हटले आहे. त्याच अध्यायात, दात आल्यावर मुलाला हळूहळू अंगावरून सोडवावे, असा निर्देश आहे. म्हणजे एकाच ग्रंथात दोन कालगणना आहेत : एक महिन्यांची आणि दुसरी दातांची. ‘काश्यपसंहिता’ हा बालवैद्यकाला वाहिलेला ग्रंथ नेपाळातील हस्तलिखितावरून १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहाव्या महिन्यात फलप्राशन आणि त्यानंतर काही महिन्यांनी अन्नप्राशन असे दोन टप्पे केलेले आढळतात; दातांच्या उत्पत्तीला तर स्वतंत्र अध्याय दिलेला असून कोणत्या महिन्यातील दात कोणत्या गुणाचे, याची चर्चा केलेली आहे. प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते असे दाखविण्याचा मोह या ठिकाणी आवरलेला बरा. तथापि पंचांगातील महिना आणि शरीराची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे भान त्यांत निःसंशय दिसते.

युरोपात या विषयाला चालना मिळाली ती पॅरिसमध्ये, आणि तीही वेगळ्याच कारणाने. १८८० च्या सुमारास स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने कोंबडीची अंडी उबविण्याच्या यंत्रावरून कल्पना घेऊन तेथील मातेर्निते रुग्णालयात दुर्बळ अर्भकांसाठी उबदार पेटी तयार करविली. मूल ‘पेटीत ठेवले’ हा आज आपल्याकडे घरोघरी कळणारा वाक्प्रयोग त्या पेटीचा वंशज होय. ज्यांना चोखण्याची ताकद नाही अशा मुलांना नळीने दूध घालण्याची पद्धतही तार्निएनेच प्रचारात आणली. त्याचा शिष्य प्येर ब्युदँ याने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या ‘ल नूरिसाँ’ या ग्रंथात ऊब, दूध आणि संसर्गापासून बचाव या तीन गोष्टींवर सारा भर दिला. हे मूल पुढे काय चावेल, असा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. ते जगेल की नाही हाच प्रश्न होता. चर्वणाचा विचार सुरू होण्यासाठी ही मुले प्रथम मोठ्या संख्येने जगावी लागली, आणि ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच घडले.

दरम्यान एक परिभाषिक घोटाळा झाला. त्याची गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्व्हो युल्प्पो यांनी १९१९ मध्ये अकाली जन्माची खूण म्हणून २५०० ग्रॅम ही मर्यादा वापरली. वजन काट्यावर मोजता येते, गर्भाचे आठवडे मात्र आईच्या आठवणीवर अवलंबून असतात. तेव्हा सोयीसाठी वजन हेच काळाचे माप ठरले. जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या आरंभीच्या वर्षांत ही व्याख्या स्वीकारली. पण जे मूल लहान ते अपुऱ्या दिवसांचे, हे समीकरण चुकीचे होते. १९६१ मध्ये संघटनेच्या तज्ज्ञसमितीने ‘अकालप्रसूत’ या शब्दाऐवजी ‘कमी जन्मवजनाचे’ असा शब्द योजण्याची शिफारस केली. पुढे १९६३ मध्ये लूला लुब्चेंको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्व्हर येथील नोंदींवरून गर्भाच्या प्रत्येक आठवड्याला अनुरूप वजनाचे आलेख प्रसिद्ध केले आणि दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मोजणे शक्य झाले.

हा भेद आपल्या देशात विशेष महत्त्वाचा आहे. येथील अल्पभार मुलांपैकी फार मोठा भाग पूर्ण दिवसांचा, पण गर्भात वाढ खुंटलेला असतो. तीस आठवड्यांत जन्मलेले १४०० ग्रॅमचे मूल आणि अडतीस आठवड्यांत जन्मलेले २१०० ग्रॅमचे मूल या दोघांनाही आपण एकच विशेषण लावतो. चर्वणाच्या दृष्टीने मात्र त्यांची घड्याळे वेगळी आहेत. पहिल्याच्या वयातून अपुरे आठवडे वजा करून त्याचे ‘सुधारित वय’ काढावे लागते. दुसऱ्याच्या बाबतीत वजा करण्यासारखे काही नसते. दोघांना एकाच तक्त्यात बसविणाऱ्या निष्कर्षांकडे सावधपणेच पाहिले पाहिजे.

आता चावण्याची क्रिया कशी घडते ते थोडक्यात पाहू. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ गर्भाच्या सुमारे चौतिसाव्या आठवड्यापर्यंत बसत नाही. त्यापूर्वी जन्मलेल्या मुलाला म्हणूनच नळी लागते. हिरडीला स्पर्श होताच जबडा तालात उघडण्या-मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया अर्भकात असतेच. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास जबडा केवळ वर-खाली हलवून मूल मऊ अन्न चघळू लागते. त्यानंतर जीभ घासाला बाजूच्या हिरडीकडे नेण्यास शिकते, आणि जबड्याची गोलाकार दळणगती तर कित्येक महिन्यांनी, दाढा येऊ लागल्यावर, हळूहळू अंगवळणी पडते. हा ताल मुळात मस्तिष्कस्तंभात निर्माण होतो, हे डेलो आणि लुंड यांनी १९७१ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविले. परंतु तालाचे केंद्र जन्मजात असले तरी घासाचे आकारमान, कठीणपणा आणि तोंडातील त्याची जागा ओळखून त्या तालाला वळण देणे हे अनुभवाने येते. एरिका गिझेल यांनी सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांचा अभ्यास करून १९९१ मध्ये असे दाखविले की, तेच मूल मऊ घास सहज चावते आणि टणक घासाला अडखळते. चर्वणाची परिपक्वता अन्नाच्या प्रकारापासून सुटी करून सांगता येत नाही.

अल्पभार मुलाच्या वाटेत येथे अनेक अडथळे येतात. घशात दीर्घकाळ नळी राहिल्यास टाळूवर खोबण पडू शकते, दंतवल्क कित्येकदा सदोष असते, आणि तोंडाला वारंवार होणाऱ्या अप्रिय स्पर्शामुळे काही मुले चमचा जवळ येताच मान फिरवितात. दात उशिरा येतात ही तक्रारही नेहमीची. पण ऑस्ट्रेलियातील सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखविल्याप्रमाणे, वय सुधारून मोजले की हा उशीर बव्हंशी नाहीसा होतो. उशीर दातांना नव्हता, मोजणीत होता.

या पार्श्वभूमीवर मूळ समजुतीकडे वळू. तिला शास्त्रीय रूप दिले व्हिएन्नाचे एमिल फ्रोशेल्स यांनी. १९२४ मध्ये व्हिएन्नात वाचोपचारतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. नात्सी राजवटीमुळे त्यांना मायदेश सोडून अमेरिकेस जावे लागले. त्यांचा सिद्धान्त असा की, चर्वण आणि भाषण या दोन क्रिया नसून एकच क्रिया आहे. पुरावा काय? तर मनुष्य चावता चावता बोलू शकतो. एकाच स्नायूंना एकाच वेळी दोन भिन्न कामे करता येणार नाहीत, तेव्हा ही कामे एकच असली पाहिजेत. घशावर ताण देऊन बोलणाऱ्या रुग्णांना ते मोठ्याने, तोंड भरून, आवाजासह चावण्याचा अभिनय करावयास लावीत आणि मग त्यातूनच शब्दांकडे नेत. त्यांचे सहकारी वाइस आणि बीबी यांचे या पद्धतीवरील पुस्तक १९५१ मध्ये निघाले. रुग्णांना गुण येत असे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जबडा सैल झाला की आवाजावरील ताण कमी होतो. परंतु उपचाराला गुण आला म्हणून त्यामागची उपपत्ती खरी ठरत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थीही सांगेल. शिवाय चावता चावता बोलणाऱ्या माणसाकडे कोणी लक्षपूर्वक पाहिले तर तो खरोखर दोन्ही एकदम करीत नसून आळीपाळीने करीत असतो, असेच दिसून येईल.

१९६४ हे वर्ष या इतिहासात लक्षणीय आहे. शेफील्डचे प्राध्यापक रोनल्ड इलिंगवर्थ आणि त्यांचे सहकारी लिस्टर यांनी त्या वर्षी असे प्रतिपादन केले की, घट्ट अन्न स्वीकारण्याचा एक संवेदनशील काळ असतो. मूल सहा-सात महिन्यांच्या सुमारास चावण्यास तयार होते. तेव्हा त्याला चावण्याजोगे काही मिळाले नाही तर पुढे ते घट्ट अन्न नाकारते. ही कल्पना त्यांनी प्राणिवर्तनशास्त्रातून घेतली होती. तीनच वर्षांनी एरिक लेनेबर्ग यांनी ‘भाषेचे जैविक अधिष्ठान’ या विषयावरील आपल्या ग्रंथात भाषासंपादनाच्या निर्णायक कालखंडाचा सिद्धान्त मांडला. दोन्ही मांडण्यांचे कूळ एक, भाषाही एक; त्यामुळे वाचकांच्या मनात त्या एकमेकींना बळ देत गेल्या. चावण्याचा काळ हुकला, म्हणजे बोलण्याचाही हुकला, असा अर्थ काढणे सोपे झाले. लेखकांपैकी कोणीही तसे म्हटलेले नव्हते. इलिंगवर्थ यांच्या मांडणीला पुढे इंग्लंडातील एव्हन परगण्यातील दीर्घकालीन अभ्यासाने काही दुजोरा दिला : ज्यांना दहाव्या महिन्यानंतर गुठळ्या असलेले अन्न मिळाले ती मुले पंधराव्या महिन्यात, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार सातव्या वर्षीही, खाण्याच्या बाबतीत अधिक हट्टी आढळली. अर्थात जे मूल मुळातच खाण्यास नाखूष, त्याला आईने उशिरा घट्ट अन्न दिले असेल, ही शक्यता अशा निरीक्षणाने पुसली जात नाही.

त्याच १९६४ साली डॉ. अशोक केळकर यांचा मराठी बोबडबोलीवरील निबंध ‘वर्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याआधी रोमान याकोब्सन यांनी ‘ममा’ या शब्दाची उपपत्ती लावताना असे सुचविले होते की, स्तनपानाच्या वेळी ओठ गुंतलेले असताना मूल नाकातून जो हुंकार काढते त्यातूनच पुढे अन्नाची आणि आईची मागणी करणारा अनुनासिक उच्चार होतो. मराठी घरात ‘मंमं’ म्हणजे जेवण, हे आठवले की ही उपपत्ती फार मोहक वाटते. पण येथेही सांभाळून राहावयास हवे. याकोब्सन यांनी जोडलेला दुवा अर्थाचा होता. चोखण्याच्या स्नायुक्रियेतून व्यंजन घडते असे त्यांचे म्हणणे नव्हते. मुलाच्या हुंकाराला अर्थ देतात ते भोवतालचे मोठे लोक.

निर्णायक पुरावा आला तो स्नायूंच्या विद्युत्-आलेखनातून. ख्रिस्तोफर मूर आणि जॅकी रुआर्क यांनी १९९६ मध्ये पंधरा महिन्यांच्या मुलांच्या जबड्याचे स्नायू चावताना आणि बोलताना कसे वागतात याची तुलना प्रसिद्ध केली. चावताना जबडा उघडणारे आणि मिटणारे स्नायू आळीपाळीने काम करतात. एक ताणला की दुसरा सैल होतो. बोलताना मात्र दोन्ही गट बरेचसे एकत्र ताणलेले राहतात आणि हालचाल लहान, नेमकी होते. पंधराव्या महिन्यातच हा भेद स्पष्ट होता. बोलण्याचा नमुना चावण्याच्या नमुन्यातून हळूहळू उमलत असेल, तर लहान वयात दोहोंत अधिक साम्य दिसावयास हवे होते. ते दिसले नाही. १९९७ मध्ये ग्रीन आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, चर्वणाचा आळीपाळीचा मूळ ढाचा बाराव्या महिन्यातच बसलेला असतो आणि पुढील तीन वर्षांत त्याला केवळ रेखीवपणा येतो. २००८ मध्ये स्टीव्ह आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या मुलांपर्यंत मागे जाऊन चोखणे, चावणे आणि बडबड यांची तुलना केली. तेथेही बडबडीचा मार्ग स्वतंत्रच आढळला.

यानंतरही चर्वण-भाषणाचे नाते सांगणारी एक उपपत्ती जिवंत आहे, आणि ती सहज बाजूला सारण्यासारखी नाही. पीटर मॅक्नीलेज यांनी १९९८ मध्ये असे मांडले की, अक्षराचा साचा म्हणजे जबड्याची उघडझाप. तो उत्क्रांतीत चोखणे, चाटणे, चावणे यांच्या तालातून आला आणि त्या साच्यात स्वर-व्यंजने मागाहून भरली गेली. पण हे विधान मानवजातीच्या लक्षावधी वर्षांच्या इतिहासाविषयी आहे, एका मुलाच्या पहिल्या दोन वर्षांविषयी नव्हे. शिवाय २०१२ मध्ये गझनफर आणि सहकाऱ्यांनी माकडांचे क्ष-किरण चलच्चित्रण करून दाखविले की, परस्परांना खुणावताना माकडे ओठ हलवितात त्याचा वेग सेकंदाला सुमारे पाच आवर्तनांचा, मानवी अक्षरांच्या वेगाशी जुळणारा आहे. चावण्याचा वेग त्याहून बराच मंद आहे. तेव्हा जवळचा पूर्वज शोधावयाचाच तर तो घासापेक्षा माकडांच्या त्या खुणावण्यात शोधणे अधिक युक्त ठरेल. जातीचा इतिहास व्यक्तीच्या वाढीत पुन्हा घडतो, हे एकोणिसाव्या शतकातील सूत्र जीवशास्त्राने केव्हाच सोडले असले तरी आपल्या विचारात ते अजून चोरपावलांनी वावरते.

ही सर्व चर्चा केवळ विद्वानांची असती तर ती एवढ्यावरच थांबविता आली असती. परंतु समजूत दवाखान्यात पोहोचली होती. लॉफ आणि वॉटसन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, उच्चारदोषांसाठी फुंकणे, चावणे, जीभ वळविणे अशा भाषणेतर कसरती वापरतो असे अमेरिकेतील ८५ टक्के वाचोपचारतज्ज्ञांनी सांगितले. त्याच्या पुढच्याच वर्षी मॅकॉली आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा अशा कसरतींनी भाषण सुधारते असे म्हणण्यास पुरेसा आधार मिळाला नाही. आपल्याकडेही ‘चणे-फुटाणे चावावयास द्या, जीभ सुटेल’ असा सल्ला ऐकू येतो. लहान मुलाच्या श्वासनलिकेत चणा वा शेंगदाणा अडकण्याचा धोका पाहता हा सल्ला निरर्थक आहेच, शिवाय घातकही आहे.

अल्पभार मुलाच्या बाबतीत आणखी मोठी हानी संभवते. नवजात अतिदक्षता कक्षात राहिलेल्या मुलांत श्रवणदोषाचे प्रमाण इतरांहून अधिक असते. दोन वर्षांचे असे मूल बोलत नाही आणि त्याला घट्ट अन्नही चावत नाही, असे दिसले की घरचे लोक, आणि कधी कधी उपचार करणारेही, दोन्ही लक्षणांना एका सूत्रात ओवतात. खाणे सुधारण्याची वाट पाहण्यात महिने जातात आणि कान तपासावयाचे राहून जातात. उलट, मूल चांगले बोलते म्हणून त्याच्या चावण्याच्या अडचणीकडे दुर्लक्ष होणे, हाही त्याच समजुतीचा दुसरा परिणाम होय. चावता न येणे ही स्वतःच उपचारास पात्र अशी अडचण आहे. तिला भाषणाची शिफारस लागू नये.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ पासून २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या मुलांचा मागोवा घेण्यास आरंभ केला आणि ती मुले प्रौढ होईपर्यंत तो चालू ठेवला. बुद्धिमापन, शालेय प्रगती आणि हालचालींवरील नियंत्रण यांच्या त्यातील नोंदी आपल्या भाषकांच्या मुलांविषयी असल्यामुळे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने त्या अवश्य पाहाव्यात. त्यांतून दिसणारी एक गोष्ट येथे उपयोगी आहे : अपुऱ्या दिवसांची मुले आणि पूर्ण दिवसांची पण लहान मुले यांची गणना तेथे वेगवेगळी केलेली आहे.

सातमाशी मुलाचे महिने कोठून मोजावयाचे, या वर उपस्थित केलेल्या प्रश्नाला दिल्लीतील तीन रुग्णालयांनी हात घातला. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या ४०३ मुलांपैकी काहींना सुधारित वयाच्या चौथ्या महिन्यात आणि काहींना सहाव्या महिन्यात वरचे अन्न सुरू करण्यात आले. कोणाला केव्हा, हे यदृच्छेने ठरविले होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुधारित वयाच्या बाराव्या महिन्यात दोन्ही गटांच्या वजनात फरक आढळला नाही. चौथ्या महिन्यात आरंभ केलेल्यांना मात्र रुग्णालयात अधिक वेळा दाखल करावे लागले. म्हणजे अशा मुलाचे उष्टावण करावयाचे ते त्याच्या अपेक्षित जन्मदिनापासून सहाव्या महिन्यात. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत पंचांगाने तो आठवा महिना भरतो.